नॅस्टर्शियमचं पान, पॅरिसची पद्धत: फुलांची नक्षी कशी बेतायची

संकल्पचित्र म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटचा पेपर आठवतो. चौकोन आखायचा, मधोमध पाच पाकळ्यांचं फूल, चार कोपऱ्यांत चार पानं, पोस्टर कलरचे सपाट थर, आणि वेळ उरलाच तर काळ्या रंगाने बाह्यरेषा. ते फूल कुठलं, हे परीक्षकाने विचारलं नाही आणि आपणही कधी स्वतःला विचारलं नाही. पाकळ्या होत्या ना, मग झालं फूल.

विसावं शतक उजाडताना पॅरिसमध्ये यूजेन ग्रासेच्या हाताखाली शिकणाऱ्यांचं एवढ्यावर भागत नसे. ग्रासे मूळचा स्वित्झर्लंडमधल्या लोझानचा. पोस्टर, रंगीत काचेच्या खिडक्या, फर्निचर, छापखान्यासाठी टाइप, सगळीकडे त्याचा हात चाले. १८९६ पासून त्याच्या देखरेखीखाली वनस्पतींचा एक चित्रसंच निघाला: २४ वनस्पती, ७२ पानं. प्रत्येक झाडाला तीन पानं. पहिल्यावर झाड जसं आहे तसं, मुळापासून शेंड्यापर्यंत. उरलेल्या दोन पानांवर त्याच झाडापासून बेतलेली नक्षी: भिंतीचा कागद, फरशी, लोखंडी कठडा, रंगीत काच, कापड. ही चित्रं बव्हंशी त्याच्या विद्यार्थ्यांनी काढलेली. त्यातलाच एक मोरिस पिलार व्हर्नय पुढे स्वतः या विषयातला जाणकार झाला आणि १९०३ मध्ये त्याने वनस्पतींच्या अभ्यासावर स्वतःचा जाडजूड ग्रंथ काढला.

मी ही पद्धत शिकलो ती त्या तीन पानांकडे बघूनच. आधी झाड, मग नक्षी. आणि नक्षीतसुद्धा ते झाड ओळखू आलं पाहिजे. फूल सोपं केलं की ते 'स्टायलाइज' झालं, असा आपल्याकडे समज आहे. सोपं केलेलं फूल म्हणजे कुठलंही फूल. शैली यायला आधी त्या झाडाची खोड कळावी लागते.

या लेखात एकच झाड घेऊन सुरुवातीपासून छापापर्यंत जाऊ. वाटेत साधारण १९१० पाशी रस्ता फुटतो, तिथे दुसरी वाटही थोडी चालू.

सामान

फार काही लागत नाही. कार्ट्रिज पेपर, ट्रेसिंग पेपर, एचबी आणि २बी पेन्सिल, ०, २ आणि ६ नंबरचे गोल ब्रश, पोस्टर कलर (पांढऱ्याची बाटली मोठी घ्या, ती सगळ्यात आधी संपते), पट्टी, कात्री, चिकटपट्टी. शिवाय काच कापून देणाऱ्याकडून साधारण ४ × ६ इंचांचे बिनचौकटीचे दोन आरसे आणा; कडा घासून घ्यायला विसरू नका. छापासाठी दोन-तीन ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकची पानं) आणि कटर. संगणकावर हे सगळं करता येतं, पण पहिली नक्षी हाताने करा. स्क्रीनवर आपण झूम करत राहतो आणि चार हात लांबून ते कसं दिसेल हे बघायचंच राहून जातं.

झाड घरी आणा

नवशिक्याने गुलाब घेऊ नये. पाकळ्या खूप, आणि गुलाब कसा काढायचा हे आपल्या डोक्यात आधीच पक्कं बसलेलं असतं. समोरचा गुलाब दिसतच नाही. मी नॅस्टर्शियम घेतो. पावसाळा सरताना बी टोचलं की थंडीत कुंडीभर फुलतं, आणि फ्रेंच नक्षीकारांच्या आवडत्या वेलींपैकी ते एक. ते त्याला कापुसिन म्हणतात. फुलामागची निमुळती शेपटी कापुचिन साधूंच्या टोकदार टोपीसारखी दिसते, म्हणून.

आता कागद घ्या आणि सुटी चित्रं काढा. पूर्ण वेल नको, तुकडे. फूल समोरून, बाजूने, मागून. कळी. पान वरून, खालून, कडेवरून. देठ खोडाला जिथे मिळतो तो सांधा. हा सांधा मोठा करून काढा, निदान तुमच्या अंगठ्याएवढा. एक फूल ब्लेडने उभं चिरा आणि आत बघा.

नॅस्टर्शियमचं पान घ्या, कारण सगळी गंमत तिथे आहे. जवळजवळ गोल पान. देठ पानाच्या कडेला नाही, पाठीला चिकटलेला, आणि तोही बरोबर मध्यावर नाही. एका बाजूला सरकलेला. त्या ठिकाणी वरून एक फिकट ठिपका दिसतो आणि तिथून शिरा चाकाच्या आऱ्यांसारख्या निघतात. माझ्या कुंडीतल्या पानांना बहुतेक नऊ. आरे एका बाजूला आखूड, दुसऱ्या बाजूला लांब. पाणी शिंपडलं तर अळवावर राहावं तसं थेंबाथेंबाने पळतं. आता फूल. पाच पाकळ्या, पण सारख्या नाहीत. वरच्या दोघींवर गडद रेघा ओढलेल्या. खालच्या तिघींचा देठाकडचा भाग अरुंद आणि त्याला झालर. मागे ती शेपटी.

हे सगळं टिपायला दोन संध्याकाळी जातील. जाऊ द्या.

झाडाची खोड शोधा

वही मिटा आणि झाड काय करतं ते एका वाक्यात सांगा. कसं दिसतं ते नव्हे, काय करतं. माझं वाक्य असं होतं: देठ आधाराला विळखा घालत वर चढतो, पान छत्रीसारखं आडवं होतं आणि फूल पानांच्या गर्दीतून मान काढून बघतं.

हे वाक्य कागदावर लिहून समोर चिकटवा. पुढे जे काही बदलाल ते या वाक्याला धरून. पाकळ्या पाचाच्या चार झाल्या तरी एक वेळ चालेल, पण देठ काठीसारखा सरळ उभा राहिला की नॅस्टर्शियम संपलं. जास्वंद घेतली असती तर वाक्य पाकळ्यांच्या बाहेर झेपावणाऱ्या केसरांच्या दांडीबद्दल असतं. तेरड्याचं वाक्य पानांच्या बगलेत खोडाला बिलगून बसलेल्या फुलांबद्दल.

झाडाची नक्षी

आता ट्रेसिंग पेपर. वहीतल्या सुट्या चित्रांवर तो ठेवायचा आणि गिरवताना चार गोष्टी करायच्या.

पहिली, सावली काढून टाका. खोली दाखवायचीच नाही. पान वरून दिसलं तर पूर्ण गोल, तिरकं दिसलं तर लंबगोल, कडेवरून दिसलं तर किंचित वाकलेली रेघ. या तिघांच्या मधलं काही नको. ही तीन 'अक्षरं' ठरली की पुढे त्यांच्यावरच लिहायचं.

दुसरी, एकाच जाडीची बाह्यरेषा. ग्रासेच्या चित्रांतली ती ठसठशीत रेघ आठवा. रंगीत काचेच्या खिडकीत दोन तुकड्यांना शिशाची पट्टी जोडते, ती हीच. तो स्वतः अशा खिडक्या बेतत असे. त्यामुळे त्याच्या नक्षीत प्रत्येक रंगाचं शेत सगळीकडून बांध घातलेलं असतं. २ नंबरच्या ब्रशने ओढा, पेनाने नको. पेनाची रेघ कोरडी पडते.

तिसरी, नियम लावा. पाकळ्यांच्या कडांचे बारीकसारीक चुरगळ काढा, नऊ शिरा सात करा, त्यांची अंतरं एकसारखी करा. पण देठाचा ठिपका मध्यावर आणायचा मोह टाळा. तो सरकलेलाच ठेवा. मी एकदा मध्यावर आणला होता. पानाचं चक्क सायकलचं चाक झालं.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि शाळेत ती कुणी सांगत नाही: सांधा. फांदी खोडातून फुटते तेव्हा ती काटकोनात टोचलेली नसते. आगगाडीचा रूळ फुटतो तशी ती आधी खोडाबरोबर थोडी चालते आणि मग हळूच बाजूला वळते. नक्षीतली प्रत्येक फांदी अशीच फुटली पाहिजे. नुसते सांधे दुरुस्त केल्यावर मेलेली नक्षी उठून बसलेली मी पाहिली आहे. त्या काळच्या आर नूव्हो या वळणदार वेलींच्या शैलीतल्या रेघांना 'चाबकाचा फटकारा' असं म्हटलं गेलं, पण बऱ्या नक्षीकारांच्या हातात त्या फटकाऱ्याचं मूळ झाडाच्या सांध्यातच असे. फ्रान्समधल्या नान्सी शहरातला एमिल गाले काचेची भांडी करायचा आणि वनस्पतिशास्त्र पक्कं जाणायचा. त्याच्या भांड्यांवरच्या वेलींचे सांधे बघा.

चारही झालं की त्याच फुलाच्या तीन आवृत्त्या करा: एक वर्तुळात, एक चौकोनात, एक लांबट पट्टीत. आकाराच्या कडेला फूल कुठे ना कुठे टेकलं पाहिजे. मधोमध तरंगत राहिलं तर आकार वाया गेला.

मोकळी जागा काळी करा

हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे. नक्षीची झेरॉक्स काढा, फुलं-पानं पांढरी ठेवा आणि मधली सगळी मोकळी जागा काळी रंगवा. कागद उलटा धरा. आता ते काळे तुकडे बघा. काही टोकदार आणि किरटे, काही गलेलठ्ठ, असं दिसलं तर पानं सरकवा. फुलांमधली जागा ही दुसरी नक्षी आहे, आणि कापडावर लांबून आधी तीच दिसते.

आरसा

१९०० च्या सुमारास व्हर्नय, जॉर्ज ओरिओल आणि पोस्टरांसाठी गाजलेला अल्फोन्स मुखा या तिघांनी मिळून एक अल्बम काढला. त्यातल्या आकृत्यांवर आरसा उभा धरायचा आणि नव्या नक्ष्या बघायच्या, अशी त्यामागची कल्पना. मुलांच्या खेळासारखं वाटेल, पण कामाचं आहे.

तुमच्या वेलीच्या चित्रावर दोन आरसे पुस्तकासारखे उघडून उभे करा. ९० अंशांत धरले तर चार तुकडे दिसतील, ६० ला सहा, ४५ ला आठ. आरसे न मिटता हळूहळू चित्रावरून सरकवत न्या. कुठेतरी दोन देठ एकमेकांना मिळून कमान होईल, कुठे दोन अर्धी पानं मिळून असं पान होईल जे कुठल्याही झाडाला येत नाही. आवडलं तिथे थांबा, आरशांच्या पायथ्याशी पेन्सिलने रेघ मारा, आणि तेवढीच पाचर ट्रेस करून उलटसुलट जोडत जा. फरशीची नक्षी अशी सहज होते. कापडाला मात्र हे फार वापरू नका. सगळीकडे आरसा लावला की झाडाची खोड जाते आणि रांगोळीचा छापा उरतो.

रिपीट

नक्षी जुळवणं हा या कामाचा कणा आहे, म्हणून इथे सावकाश.

साधी जुळणी आधी. १६ × १६ सेंमीचा कागद घ्या. मधोमध एक फूल, दोन-तीन पानं आणि वेलीचा तुकडा काढा. कडांना हात लावायचा नाही. मागच्या बाजूला चारही कोपऱ्यांत १, २, ३, ४ लिहा. कागद उभा अर्धा कापा, डावा भाग उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवून मागून चिकटपट्टी लावा. आता आडवा कापा आणि वरचा भाग खाली, खालचा वर. आधीच्या चारही कडा आता मध्यावर आल्या आणि तिथे क्रूसासारखी मोठी रिकामी जागा पडली. ती भरा. वेलीची दोन तुटकी टोकं गाठा, एक कळी टाका, अर्धं पान टाका. नव्या कडांना मात्र आता हात नाही. हा चौकोन शेजारीशेजारी कितीही ठेवा, सगळीकडून जुळेल.

पण असं सरळ जुळवलेलं फूल बटणांच्या रांगेसारखं दिसतं. म्हणून हाफ ड्रॉप: दुसरा रकाना पहिल्यापेक्षा अर्ध्या उंचीने खाली. तिसरा पुन्हा पहिल्याच्या पातळीवर. हाताने करायचं तर चौकोनाच्या सहा झेरॉक्स काढून तीन रकान्यांत चिकटवा, मधला रकाना आठ सेंमी खाली उतरवून. शिवणीवर वेली तुटतील. वर ट्रेसिंग पेपर पसरा आणि तुटलेली टोकं नव्याने जोडा. जी नवी रेघ एका शिवणीवर ओढली ती तशाच प्रत्येक शिवणीवर ओढा, आणि शेवटी एका चौकोनापुरतं जे पडलं ते उतरवून घ्या. कंटाळवाणं आहे. तरी दोनदा करा. तिसऱ्यांदा हात आपोआप चालतो.

कापडावर छापायचं असेल तर चौकोनाचं माप पन्ह्यावरून ठरवा. ११२ सेंमी पन्ह्यात २८ सेंमीचे चार रकाने बसतात. हाफ ड्रॉपला रकाने सम असू द्या. विषम झाले तर दोन पन्हे जोडताना दुसरा पन्हा अर्ध्या नक्षीने सरकवावा लागतो, आणि तेवढं कापड शिंप्याच्या कात्रीखाली वाया जातं.

आता माझी फजिती. ओळखीतल्या एका बाईंना पडद्यांसाठी अशीच नॅस्टर्शियमची हाफ ड्रॉप करून दिली होती. चौकोनात एकच मोठं केशरी फूल, बाकी सगळं हिरवं. स्क्रीनवर सुरेख. बारा मीटर कापड छापून आलं, पडदे लागले, आणि दारातून आत येताच त्यांनी विचारलं, "हे तिरके शिवलेत का हो?" तिरके शिवलेले नव्हते. सगळी केशरी फुलं लांबून तिरक्या पट्ट्यांत ओळीने उभी राहिली होती. दोष पूर्ण माझा. मी ती नक्षी तीन मीटरवरून एकदाही पाहिली नव्हती.

तेव्हापासून माझा नियम: चौकोनात सगळ्यांत उठून दिसणारा रंग निदान तीन ठिकाणी हवा, तीन वेगळ्या आकारांचा आणि तीन दिशांना तोंड केलेला. एक पूर्ण फूल, एक पाठमोरं, एक कळी. मग बारा झेरॉक्स जोडून भिंतीवर लावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि डोळे किलकिले करा. पट्टे, गल्ल्या, भोकं, जे काही दडलेलं असेल ते तेव्हाच दिसतं.

रंग

ग्रासे-व्हर्नयच्या वळणाचं काम असेल तर रंग विझवलेले घ्या. ऑलिव्ह हिरवा, मोहरीच्या फेसासारखा पिवळा, विटेचा लाल, राखाडीत मिसळलेला निळा. बाह्यरेषा काळी नको, गडद तपकिरी. मी प्रत्येक रंगात त्याच्या विरोधी रंगाचं एक बोट मिसळतो. हिरव्यात थोडा लाल टाकला की तो लगेच शहाण्यासारखा वागतो. पार्श्वभूमीला मोकळी ठेवू नका, तिलाही रंग द्या.

एकूण पाच रंग, त्यापेक्षा जास्त नाही. त्या काळी प्रत्येक रंगाचा वेगळा ठोकळा किंवा वेगळी पट्टी लागे आणि प्रत्येकीचा खर्च वेगळा. आज डिजिटल छपाईत पन्नास रंगही त्याच दरात येतात, पण पाच रंगांत बसवायची सक्ती निघाली की नक्षी ढिली पडते.

रस्ता फुटतो

१९०९ पासून रशियन बॅले पॅरिसला यायला लागला, आणि १९१० च्या 'शेहेराझाद'मध्ये लिऑन बाक्स्तने रंगमंचावर जे केशरी, जांभळे आणि हिरवे ओतले त्यानंतर विझवलेल्या रंगांची सद्दी संपली. वळणदार देठांनाही लोक कंटाळले होतेच. आता आलं ते दाटीवाटीचं, सपाट, देठाशिवायचं फूल.

त्याचा म्होरक्या म्हणजे पॉल इरिबचा गुलाब. इरिबने १९०८ मध्ये फॅशनसम्राट पॉल प्वारेच्या पोशाखांची चित्रं काढली होती. त्याचा गुलाब प्वारेच्या कपड्यांच्या लेबलावर आला आणि पुढची पंधरा वर्षं फर्निचर, गालिचे, लोखंडी जाळ्या, काचा, कुठेही बघावं तर तो होताच. तो असा काढा: पेल्याने सहा सेंमीचं वर्तुळ. मध्यापासून जरा बाजूला एक स्वल्पविराम. त्याच्या पाठीच्या मध्यापासून सुरू होणारी एक चंद्रकोर, तिच्या पाठीच्या मध्यापासून दुसरी, मग तिसरी. बाहेरच्या फेरीत चार-पाच जाड कोरी, वर्तुळाला टेकलेल्या. दोन कोरींमध्ये सुईएवढी फट. खाली दोन-तीन टोकदार पानं, शिरा नाहीत. बाह्यरेषा नाही.

ती फट नीट बघा. ग्रासेच्या फुलात रेघ ओढलेली असते; इरिबच्या फुलात ती सोडलेली असते. माझ्या मते दोन्ही काळांतला खरा फरक एवढाच आहे, बाकी सगळं त्यातून येतं.

आणि गंमत अशी की झाड आधी बघायचा नियम याही वाटेवर मोडला नव्हता. प्वारेने १९११ मध्ये आपल्या मुलीच्या नावाने मार्तीन ही शाळा आणि कार्यशाळा काढली. कामकऱ्यांच्या घरांतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुली घेतल्या, त्यांना चित्रकलेचे नियम शिकवले नाहीत, वनस्पती-उद्यानांत आणि प्राणिसंग्रहालयात नेऊन सोडलं. जी चित्रं बरी वाटली ती तो पैसे देऊन घ्यायचा आणि त्यांचे गालिचे, कापड, भिंतीचे कागद व्हायचे. त्याच वर्षी त्याने चित्रकार राउल द्युफीला कापड छापायला छोटा कारखाना थाटून दिला. द्युफी लाकडी ठोकळे कोरायचा आणि त्याची फुलं त्या कोरण्याचे घाव अंगावर वागवतात. लवकरच फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या बियांकिनी-फेरिये या रेशीम कंपनीने त्याला उचललं. १९१२ ते १९२८ तो त्यांच्यासाठी नक्ष्या काढत होता.

मार्तीनचा प्रयोग घरी करून बघायचा असेल तर आपल्या नॅस्टर्शियमची कुंडी दहा-बारा वर्षांच्या मुलासमोर ठेवा, मोठा ब्रश आणि तीन रंग द्या, पेन्सिल लपवा आणि खोलीतून बाहेर पडा. जे येईल त्यातला एक तुकडा उचलून वरच्या पद्धतीने जुळवा. माझ्या भाचीने पानं केशरी आणि फुलं हिरवी केली होती. तसंच ठेवलं.

पोश्वार: फटींची छपाई

या काळातले नक्ष्यांचे अल्बम पोश्वारने रंगवले जात, म्हणजे स्टेन्सिलने. जस्ताच्या किंवा तांब्याच्या पातळ पत्र्यात आकार कापायचा, कागदावर ठेवायचा आणि गोल आखूड ब्रशने रंग ठेचायचा. रंगागणिक वेगळा पत्रा, आणि सगळं हाताने. नक्षीकार ई. ए. सेगीच्या फुलांच्या आणि फुलपाखरांच्या पानांवरचा रंग आजही खडूसारखा दाट दिसतो तो यामुळे. एदुआर बेनेदिक्तुसचे अल्बमही असेच. हा मूळचा रसायनाचाही माणूस. फुटली तरी तुकडे न उडणारी काच शोधून १९०९ मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं. गाडीच्या पुढच्या काचेमागे बसता तेव्हा एका नक्षीकाराचेच उपकार असतात.

आपण पत्र्याऐवजी ओएचपी शीट वापरू. इरिबचा गुलाब घ्या, कारण त्यातल्या फटी म्हणजेच स्टेन्सिलचे पूल. स्टेन्सिलमध्ये बंद वळसा कापला की आतला तुकडा गळून पडतो. त्याला धरून ठेवायला मध्ये पट्टी सोडावी लागते. इरिबच्या फुलाला ती आधीच आहे, वेगळी घुसडावी लागत नाही. नॅस्टर्शियमच्या पानाला मात्र शिरांच्या जागी पूल सोडा: सात शिरा, सात फटी, आणि सगळ्या त्या सरकलेल्या ठिपक्याशी जुळणाऱ्या.

रंगागणिक एक शीट कापा. प्रत्येक शीटच्या दोन कोपऱ्यांत एकाच जागी छोटा त्रिकोण कापा आणि कागदावर त्याच्या खुणा करा, म्हणजे रंग सरकणार नाहीत. पोस्टर कलर दह्याइतका घट्ट हवा. ब्रश जवळजवळ कोरडा; रंगात बुडवून आधी रद्दी कागदावर चार वेळा ठेचा, मग शीटवर. उभा धरून टकटक, पुसल्यासारखा नाही. पुसला की रंग शीटखाली शिरतो आणि कडा फुगते. फिकट रंग आधी, गडद शेवटी, आणि मध्ये वाळायला पुरता वेळ. काळी पार्श्वभूमी हवी असेल तर काळाच कागद घ्या; सगळीकडे काळा ठेचत बसलात तर तो कधीच सपाट येत नाही.

कुठे वापरणार, त्यावरून बदल

लोखंडी जाळीत पान तरंगू शकत नाही, त्याला दोन बाजूंनी तरी आधार हवा. तिथे नॅस्टर्शियमचा विळखा घालणारा देठ फार कामाला येतो. फरशीला चारही बाजूंनी बघितलं जातं, तिला वर-खाली नको. भिंतीच्या कागदाला चढती दिशा चालते, पण टेबलाच्या कापडाला नाही, नाहीतर समोर बसलेल्याला फुलं उलटी दिसतात. भरतकाम करणार असाल तर पाच मिलिमीटरपेक्षा बारीक फट सोडू नका, दोऱ्याने ती बुजते.

१९२५ च्या एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये पॅरिसला सजावटी कलांचं जे मोठं प्रदर्शन भरलं तिथे फुलांच्या परड्या आणि गुलाबांचे ताटवे अजून होते. त्यानंतर मात्र भूमितीने त्यांना भराभर गिळलं. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी आपल्या माणिक बाग राजवाड्यासाठी १९३० च्या सुमारास पॅरिसच्या रुलमानसारख्या फर्निचरकारांकडून सामान मागवलं तोवर पाकळ्या जवळपास गळून गेल्या होत्या. तुम्हाला त्या दिशेने जायचं असेल तर तुमच्या नक्षीतल्या प्रत्येक वळणाला पट्टी लावा आणि कुठे थांबल्यावर झाड ओळखू येईनासं होतं ते बघा. त्याच्या एक पायरी अलीकडे राहा.

फेब्रुवारीनंतर ऊन वाढलं की वेल पिवळी पडायला लागते आणि फुलांच्या जागी हिरव्या, सुरकुतलेल्या बिया धरतात, तीन-तीनच्या जुडग्यात. पुढच्या वर्षासाठी त्या वेचालच. वेचायच्या आधी त्यांचंही एक चित्र काढून ठेवा, वरून आणि बाजूने. काठाच्या पट्टीला याहून बरं तीनाचं बुट्टं मला अजून सापडलेलं नाही.